पिकअपचं डिझेल जातं कुठे?

पिंपळगाव बसवंतचा किंवा नारायणगावचा टोमॅटो पहाटे वाशीच्या बाजारात उतरतो, तो बहुतेक वेळा एखाद्या पिकअपच्या हौद्यातून. महाराष्ट्रातला भाजीपाला, फळं, दूध, फुलं, पोल्ट्रीचा माल वाहणारी ही गाडी अनेकदा चालवणाऱ्याच्याच मालकीची असते आणि तिच्यावर कर्जाचा हप्ता चालू असतो. हप्ता ठरलेला, टोल ठरलेला, भाडं व्यापाऱ्याच्या हातात. रोजच्या खर्चातला गाडीवाल्याला खरोखर कमी करता येईल असा मोठा भाग उरतो तो डिझेलचाच. त्यामुळे ॲव्हरेज वाढवण्याचे उपाय गॅरेजपासून ढाब्यापर्यंत सगळीकडे सांगितले जातात: अमुक ऑइल टाका, डिझेलच्या पाइपला चुंबक लावा, उतारावर न्यूट्रल करा, फाळका उघडा ठेवा. यातले बरेचसे उपाय निरुपयोगी आहेत, काही धोक्याचे आहेत. हायवेवर पिकअपचं डिझेल सर्वांत जास्त कशाने जळतं, तर समोरच्या हवेने. हवेचा तो विरोध दोन गोष्टींवर ठरतो, गाडीचा वेग आणि माल किती उंच रचला आहे. या दोन्ही गोष्टी फुकटात बदलता येतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे.

सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. पहिला टायरचा. फिरताना टायर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ताकद वाया जाते. हा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो, वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरा हवेचा. तो वजन बघत नाही, समोरचा आकार बघतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग 60 वरून 80 वर नेला की वेग वाढतो एक तृतीयांशाने, पण हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. माल धरून सव्वातीन टन वजनाच्या पिकअपचा ढोबळ हिशेब केला, तर ताशी 60 किलोमीटरला टायरचा आणि हवेचा विरोध साधारण बरोबरीने येतात. 80 ला हवा टायरच्या दीडपटीपुढे जाते आणि दोन्हींची बेरीज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते. इंजिन, रस्ता, वारा यांप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, दिशा बदलणार नाही. पेट्रोलियम पदार्थांच्या बचतीसाठी 1978 मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे, की 80 ऐवजी 45 ते 55 च्या वेगाने कार चालवली तर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. हायवेवर 50 ने चालणं कुणाला परवडणार नाही आणि मागून येणाऱ्या वाहनांमुळे ते सुरक्षितही नाही. पण 80 आणि 50 यांच्या मध्ये 65 आहे, आणि बचतीचा बराचसा भाग तिथेच हाती येतो.

आता मालाच्या उंचीकडे पाहू. दीड टन पासिंगच्या पिकअपमध्ये टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट भरले, तर क्रेटचं स्वतःचं वजन धरून सत्तरच्या आसपास क्रेट बसतात. हौद्यात एका थरात वीसेक क्रेट मावतात, म्हणजे थर होतात साडेतीन ते चार. एक क्रेट साधारण 30 सेंटीमीटर उंच असतो. कायद्यात बसणारा टोमॅटोचा माल अशा रीतीने जवळपास केबिनच्या टपाच्याच उंचीला संपतो. टपाच्या वर आणखी दोन थर दिसले, की एक तर गाडी ओव्हरलोड असते किंवा माल हलका असतो: पालेभाजी, फुलं, थर्माकोल, नाही तर परतीचे रिकामे क्रेट. त्या दोन थरांनी गाडीचं वाऱ्याला भिडणारं तोंड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने मोठं होतं. 80 च्या वेगाला एवढ्यानेच शंभर किलोमीटरमागे सुमारे दीड लिटर डिझेल जास्त जळू शकतं. ताडपत्री सैल असेल, तिचे पदर फडफडत असतील, तर त्यात भरच. म्हणून माल हलका असला तरी तो मागे-पुढे पसरून टपाच्या उंचीत बसवणं, ताडपत्री ताणून कडेच्या हुकांना घट्ट बांधणं, आणि थर वर न्यावाच लागला तर समोरची कड उतरती ठेवणं यालाही पैशाचं मोल आहे. परतीच्या खेपेत गाडी रिकामी असते म्हणून ती डिझेल पीत नाही, हा समज इथेच खोटा ठरतो. रिकाम्या क्रेटचं वजन नगण्य असतं, पण ते उंच रचून 80 ने गाडी हाणली, तर हवा पूर्ण दाम वसूल करते.

आक्षेप घ्यायला जागा आहे आणि त्यांना उत्तर देणं भाग आहे. पहिला आक्षेप जाणत्या चालकांचा: इंजिन जरा खुललं की जास्त चांगलं चालतं, हळू चालवलं तर ते ओढून धरल्यासारखं होतं. यात तथ्य आहे. इंजिनावर बऱ्यापैकी भार असला की डिझेलच्या प्रत्येक थेंबातून निघणारं काम वाढतं, आणि पाचव्या गिअरमध्ये 40 ने गाडी रेटली तर इंजिन गुदमरतंच. पण 60 ते 65 ला टॉप गिअर सपाट रस्त्यावर सहज चालतो. तिथून 80 वर जाताना इंजिनाच्या कार्यक्षमतेत होणारी किरकोळ सुधारणा हवेच्या वाढलेल्या विरोधापुढे टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो वेळेचा. लिलावाला गाडी उशिरा पोहोचली तर किलोमागे दोन रुपये पडून शेतकऱ्याचं जे नुकसान होईल, त्यापुढे वाचलेलं डिझेल काय कामाचं? हिशेब मांडून पाहू. पिंपळगाव ते वाशी सुमारे 200 किलोमीटर. यातला घाट, गावं, टोल आणि शहराची कोंडी वजा केली, तर मोकळा रस्ता धरू 120 किलोमीटर. तो 80 ने गेलात तर दीड तास, 65 ने गेलात तर एक तास 51 मिनिटं. फरक 21 मिनिटांचा. ॲव्हरेज 12 चं 14 झालं असं धरलं, तर एवढ्या टप्प्यात जवळपास 1.4 लिटर वाचतं. जाऊन-येऊन महिन्याच्या पंचवीस खेपा धरल्या तर 70 लिटर होतं, म्हणजे 90 रुपये दराने सहा हजारांच्या वर. छोट्या मालकासाठी ही रक्कम हप्त्याला हातभार लावणारी आहे. ती 21 मिनिटं माल भरताना सहज निघू शकतात, कारण खेपेतला वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो रस्त्यावर नव्हे, फाळक्यापाशी.

वेगाइतकाच महत्त्वाचा आहे वेगातला सारखेपणा. सव्वातीन टनांची गाडी 80 च्या वेगात असताना तिच्यात जी ऊर्जा साठलेली असते, ती मिळवायला साधारण 60 ते 70 मिलिलिटर डिझेल जळलेलं असतं, म्हणजे कटिंग चहाच्या एका ग्लासाएवढं. पुढच्या ट्रकच्या मागे जाऊन करकचून ब्रेक दाबला, की तो ग्लास उष्णता बनून ब्रेकच्या ड्रममधून उडून जातो आणि पुन्हा वेग घ्यायला दुसरा ग्लास लागतो. 60 च्या वेगात हेच नुकसान निम्म्याच्या जवळपास येतं. पुढे अंतर ठेवून, लांबूनच एक्सिलरेटर सोडून गाडी चालवणारा चालक ब्रेक लायनरही वाचवतो. पाय उचलला की आजच्या इंजिनांत डिझेल पूर्ण बंद होतं आणि गाडी गिअरमध्येच चाकांच्या जोरावर इंजिन फिरवत राहते. कसारा घाट उतरताना न्यूट्रल करणाऱ्याला म्हणून बचत होत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाला आयडलवर चालू राहण्यासाठी डिझेल प्यावंच लागतं, शिवाय इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते. हे करू नये, आणि नव्या पोरांना शिकवू तर मुळीच नये.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. टायरमधली हवा थंड असताना, कंपनीच्या पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी. अमेरिकेतल्या सरकारी मार्गदर्शनानुसार चारही टायरांत सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल, तर इंधनात सुमारे 0.2 टक्क्याचा तोटा होतो. दहा पीएसआयने दोन टक्के. बचत लहान आहे, पण टायरही वाचतात आणि फुटण्याचा धोका टळतो. फाळका उघडा ठेवून फायदा होतो ही समजूत तिकडच्या पिकअपवर तपासली गेली आहे. बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिरावतो, बाहेरची हवा त्याच्यावरून निघून जाते, आणि फाळका पाडला की उलट विरोध थोडा वाढतो. चुंबक आणि डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्यांबद्दल तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शंभराहून अधिक उपकरणं तपासली आणि त्यांतल्या मोजक्याच उपकरणांत काही दखल घेण्याजोगं आढळलं. त्या बाटलीचे पैसे नवीन ताडपत्रीला लावावेत.

मग 65 ने चालवणं आपोआप का होत नाही? 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे 88 किलोमीटरच्या आसपासची वेगमर्यादा घातली. 1987 मध्ये ती सैल झाली, 1995 मध्ये उठली. मधल्या काळात असंख्य चालकांनी ती पाळलीच नाही. हवेचं गणित बरोबर होतं, पण इंधन वाचल्याचा लाभ देशाच्या खात्यात आणि वेळेचा भुर्दंड चालकाच्या माथी, अशी वाटणी होती. आपल्याकडेही पगारी चालक असलेल्या पिकअपची गोष्ट हीच आहे. डिझेल मालकाचं, झोप चालकाची. 65 ने चालवून अर्ध्या तासाने उशिरा घरी पोहोचणाऱ्या माणसाला वाचलेल्या डिझेलमधलं काहीच मिळणार नसेल, तर त्याने पाय का आवरावा? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला आहे. तिथे मालवाहू वाहनांना 80 ची मर्यादा आहे, आणि सरळ रस्त्यावर काटा तिथेच टेकवून ठेवण्याचा मोह मोठा आहे. मालकाने दर महिन्याच्या बचतीतला निम्मा वाटा चालकाला द्यावा आणि व्यापाऱ्याने माल भरायला घेतलेला उशीर चालकाकडून रस्त्यावर भरून मागू नये. एवढं ठरलं तर उपदेशाची गरज उरत नाही.

यातलं काहीही कुणी सांगतं म्हणून मानण्याचं कारण नाही, कारण ते स्वतः मोजता येतं. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि तीच खेप जाऊन-येऊन करून पुन्हा तिथेच फुल करावी. फक्त जातानाचं ॲव्हरेज धरलं तर फसगत होते. नाशिकहून मुंबईला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते आणि परतताना तेवढीच वर चढते. चार खेपा 80 ने आणि चार 65 ने कराव्यात, माल आणि ताडपत्रीची उंची दोन्ही वेळेला सारखी ठेवावी, आणि लिटरचे आकडे डायरीत एकाखाली एक मांडावेत.