गाणारा नट : कुंदनलाल सैगल

कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटच्या शेतजमिनींवर न्यू टाउन हे नियोजित उपनगर उभे राहिले आहे. रुंद रस्ते व उंच इमारती यांच्या या वसाहतीत एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली. एकास रवींद्रतीर्थ व दुसऱ्यास नझरुलतीर्थ असे नाव देण्यात आले. रवींद्रनाथ ठाकूर व काझी नझरुल इस्लाम हे दोघेही कवी म्हणून सर्वपरिचित आहेत. तथापि आपल्या गीतांना स्वतः चाली देणारे ते संगीतकारही होते. बोलपट या नव्या माध्यमाशीही दोघांचा प्रत्यक्ष संबंध आला होता. रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकाचे चित्रण न्यू थिएटर्स या संस्थेने १९३२ मध्ये पडद्यावर आणले, तर ‘ध्रुव’ या १९३४ च्या बंगाली बोलपटाला संगीत देऊन नझरुल यांनी त्यात नारदाची भूमिकाही केली. ज्या नगरीत महाकवीलाही चित्रपट परका वाटला नाही, त्या नगरीत टंकलेखन यंत्रे विकणारा एक पंजाबी तरुण येऊन पोहोचला आणि पाहता पाहता अवघ्या देशाचा गायक झाला. त्याचे नाव कुंदनलाल सैगल.

जम्मू ते कोलकाता

सैगल यांचा जन्म एप्रिल १९०४ मध्ये जम्मू येथे झाला. वडील अमरचंद हे संस्थानच्या सेवेत तहसीलदार होते. आई केसरबाई धर्मपरायण होती व तिला गाण्याची आवड होती. भजन-कीर्तनाच्या प्रसंगी ती मुलाला बरोबर नेत असे. जम्मूच्या रामलीलेत कुंदनलाल लहानपणी सीतेची भूमिका करीत. गुरूसमोर बसून रीतसर तालीम घेण्याचा योग मात्र त्यांना आला नाही. जे ऐकले ते कंठात साठवावे आणि आपल्या पद्धतीने गावे, हीच त्यांची पाठशाला होती.

शाळा लवकरच सुटली. काही काळ त्यांनी रेल्वेत वेळनोंदणी कारकुनाचे काम केले. पुढे रेमिंग्टन कंपनीची टंकलेखन यंत्रे विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांच्या कानांवर नाना प्रांतांची गाणी पडली. अखेरीस ते कोलकात्यास आले. तेथे संगीतकार रायचंद बोराल यांनी त्यांचा आवाज हेरला व न्यू थिएटर्सचे संस्थापक बीरेंद्रनाथ सरकार यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. सरकार हे विलायतेत शिकलेले अभियंता होते. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्यांनी टॉलीगंज येथे हे चित्रमंदिर उभारले होते. दिग्दर्शक, संगीतकार, तंत्रज्ञ व नट सर्वच तेथे मासिक वेतनावर काम करीत. सैगल यांना दरमहा २०० रुपये ठरले.

प्रारंभ आशादायक नव्हता. ‘मोहब्बत के आँसू’, ‘सुबह का सितारा’ व ‘जिंदा लाश’ हे १९३२ मधील तीनही चित्रपट अयशस्वी ठरले. परंतु १९३३ मध्ये देवकी बोस यांच्या ‘पूरन भगत’ या चित्रपटात सैगल यांनी भजने गायिली आणि ती देशभर लोकांच्या ओठी गेली. त्याच सुमारास हिंदुस्थान रेकॉर्ड या कोलकात्यातील देशी कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही घरोघर वाजू लागल्या.

नवे यंत्र, नवा आवाज

या यशाचे मर्म समजण्यासाठी आधीच्या काळाकडे वळून पाहणे आवश्यक आहे. १९०२ मध्ये गौहरजान यांचे गाणे कोलकात्यात मुद्रित झाले, तेव्हा गायिकेला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून उंच स्वरात गावे लागले. हलका स्वर त्या यंत्राला टिपताच येत नसे. रंगभूमीवरही वेगळे नव्हते. मराठी संगीत नाटकातील गायक-नटाला साथीला ऑर्गन व तबला असत. परंतु पिटातील शेवटच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोहोचविण्याची जबाबदारी त्याच्या छातीवरच असे. ताना, पल्ले व ‘वन्स मोअर’ ही त्या कलेची स्वाभाविक अंगे होती.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रणाचे तंत्र आले आणि त्यापाठोपाठ बोलपटाचा अवतार झाला. मायक्रोफोनला ओरडण्याची गरज नव्हती. उलट कुजबूजही त्याला पुरेशी होती. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी या गायक-नटाने याच सुमारास कानाशी बोलावे तसे गाऊन श्रोत्यांना जिंकले. तो सैगल यांच्याहून केवळ एका वर्षाने मोठा होता. परस्परांपासून हजारो कोस दूर असलेल्या या दोघांना एकाच यंत्राने एकच धडा दिला. आवाज फेकायचा नाही, तो जवळ आणायचा, हा तो धडा होय. तालीम नसणे ही सैगल यांच्या बाबतीत उणीव न राहता एका अर्थी मोकळीक ठरली. मोठ्या आवाजाच्या जुन्या सवयी त्यांना विसराव्या लागल्या नाहीत. खर्जातला भरदार स्वर, शब्दाचा स्वच्छ उच्चार आणि दोन शब्दांमधील अर्थपूर्ण विराम ही त्यांची सामग्री होती. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत गालिबच्या गझलेतील भाव उभा करणे त्यांना साधले.

१९३५ चे वर्ष

भारतीय गायक-नटांच्या इतिहासात १९३५ हे वर्ष संधिकाळाचे मानावे लागेल. त्या वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला व त्यात संत एकनाथांच्या भूमिकेसाठी बालगंधर्वांना पाचारण केले. महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले होते, त्या नटसम्राटाला पडद्याचे वातावरण मानवले नाही. समोर श्रोता नाही, दाद नाही, गाण्याला स्वैर विस्तार नाही, अशा स्थितीत ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

त्याच वर्षी प्रमथेश बारुआ यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीवरून ‘देवदास’ निर्माण केला. बंगाली आवृत्तीत नायकाची भूमिका स्वतः बारुआ यांनी व हिंदी आवृत्तीत सैगल यांनी केली. छायालेखन बिमल रॉय यांचे होते. मद्याच्या आहारी जाऊन झिजणाऱ्या त्या तरुणाचे दुःख सैगल यांनी हातवारे न करता, जवळजवळ बोलण्याच्या सुरात गाऊन व्यक्त केले. बोलणे कोठे संपते व गाणे कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला कळत नसे. अभिनय व गायन यांतील सीमारेषा पुसली जाणे हीच त्यांची खरी देणगी होय.

आणि याच वर्षी, याच संस्थेत, या कलेला बाधक ठरणारे तंत्रही जन्मास आले. नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ व त्याच्या हिंदी आवृत्तीत, ‘धूपछाँव’मध्ये, पार्श्वगायनाचा अवलंब करण्यात आला. गाणे अगोदर मुद्रित करावयाचे, चित्रणाच्या वेळी ते वाजवावयाचे आणि नटाने केवळ ओठ हलवावयाचे, अशी ही पद्धत होती. यामुळे चित्रणाची अडचण दूर झाली. परंतु गाणारा व दिसणारा एकच असला पाहिजे ही अटही नाहीशी झाली.

सैगल यांनी या सोयीचा सरसकट स्वीकार केला नाही. फणी मजुमदार यांच्या ‘स्ट्रीट सिंगर’ (१९३८) या चित्रपटातील ‘बाबुल मोरा’ ही भैरवीतील ठुमरी त्यांनी रस्त्याने चालत, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायिली. मायक्रोफोन व वादक चौकटीबाहेर राहून त्यांच्यासोबत पुढे सरकत होते. ही ठुमरी अवधचा पदच्युत नबाब वाजिदअली शाह याची म्हणून प्रसिद्ध आहे. १८५६ मध्ये राज्य गमावल्यावर तो कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागात येऊन राहिला व १८८७ मध्ये तेथेच मरण पावला. घर सुटल्याची व्यथा सांगणारे हे गीत त्याच नगरीत, जम्मूहून आलेल्या गायकाच्या मुखातून पुन्हा जन्म पावले. चालणाऱ्या माणसाच्या श्वासाची लय त्या गाण्यात उतरली आहे.

बंगालने या परप्रांतीय गायकास आपले मानले. त्यांनी बंगाली भाषा आत्मसात करून बंगाली चित्रपटांतून भूमिका केल्या. स्वरांच्या शुद्धतेबाबत अत्यंत दक्ष असणाऱ्या रवींद्रनाथांनी त्यांना आपली गीते गाण्यास अनुमती दिली, असे सांगितले जाते. ‘जीवन मरण’ या चित्रपटात ते रवींद्रसंगीत गायिलेही.

मुंबई व अखेर

१९४१ च्या अखेरीस सैगल मुंबईस आले. रणजित चित्रसंस्थेच्या ‘भक्त सूरदास’ (१९४२) व ‘तानसेन’ (१९४३) या चित्रपटांनी त्यांची लोकप्रियता शिखरास पोहोचविली. परंतु देवदासाचे व्यसन त्यांच्या जीवनातही शिरले होते. मद्य घेतल्याखेरीज आपला आवाज लागत नाही, असा त्यांचा ग्रह झाला होता. ‘शाहजहाँ’ (१९४६) च्या वेळी संगीतकार नौशाद यांनी त्यांच्याकडून एक गीत मद्य न घेता व एकदा मद्य घेऊन असे दोन्ही प्रकारे म्हणवून घेतले. ऐकून पाहता मद्याविना गायिलेले गीतच सरस ठरले, ही हकीकत नौशाद यांनीच पुढे सांगितली. भ्रम दूर झाला खरा, परंतु तोपर्यंत प्रकृती हाताबाहेर गेली होती. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे सैगल यांचे निधन झाले. वयाची त्रेचाळीस वर्षेही त्यांनी पूर्ण केली नव्हती.

सुमारे पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी छत्तीस चित्रपटांत कामे केली आणि सुमारे १८५ गीते गायिली. पुढील पिढीच्या मानाने ही संख्या अल्प आहे. प्रभाव मात्र अल्प नव्हे. मुकेश यांनी ‘पहली नजर’ (१९४५) मध्ये गायिलेले गीत ऐकून अनेकांना ते सैगल यांचेच वाटले. किशोरकुमार यांनी त्यांना आदर्श मानले. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या घरात चित्रपटगीतांना सहसा थारा नसे. सैगल यांची गाणी त्याला अपवाद होती, असे लताबाई सांगत. रेडिओ सिलोनवरील जुन्या गीतांच्या कार्यक्रमाची सांगता अनेक वर्षे रोज सकाळी सैगल यांच्या गाण्याने होई, आणि ते लागले म्हणजे आठ वाजत आले, असे महाराष्ट्रातील घरोघरी समजले जाई.

गाणारा नट हा प्रकार जगातून नाहीसा झाला नाही. इटलीत १९६० नंतर जियानी मोरांडी, आद्रियानो चेलेंतानो यांसारखे लोकप्रिय गायक चित्रपटांत नायक म्हणून झळकले. मोरांडीच्या एका गीताचे नाव घेऊन १९६४ मध्ये चित्रपटही निघाला. भारतात मात्र सैगल यांच्यामागे कंठ व चेहरा यांची वाट बहुतांशी वेगळी झाली. नायकाला आवाजाची चिंता उरली नाही आणि गायकाला रूपाची. या विभागणीमुळेच लता मंगेशकर, महंमद रफी यांच्यासारख्या थोर गायकांना अनेक नायक-नायिकांचा आवाज होता आले. तो लाभ लहान नव्हे. तरीही ज्या माणसाचे दुःख पडद्यावर दिसत आहे त्याच्याच श्वासातून ते ऐकू येणे, हा अनुभव विरळ झाला. ‘बाबुल मोरा’ या मुद्रिकेत तो अनुभव अद्याप सुरक्षित आहे.