निळी गोळी आणि जिभेखालची गोळी

औषधांच्या दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत काही गिऱ्हाइके बाजूला रेंगाळतात. मग हलक्या आवाजात नाव सांगितले जाते, गोळ्या पाकिटात पडतात आणि पाकीट खिशात जाते. चिठ्ठी कुणी दाखवत नाही आणि पुष्कळदा कुणी मागतही नाही. 'व्हायग्रा' या नावाने गाजलेले सिल्डेनाफिल हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा कायदा आहे, पण लाजेपुढे कायदा कुणाला आठवतो?

मुळात ही गोळी हृदयरोगासाठी शोधली जात होती. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीचे संशोधक ती छातीतल्या कळेवर तपासत होते. तिथे फारसे यश आले नाही, पण पुरुषांमध्ये वेगळाच परिणाम दिसला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती रक्तवाहिन्या सैल करते, एवढेच. मनात इच्छा नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि ती 'ताकदीची गोळी' तर मुळीच नव्हे.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, अपचन, नाक चोंदणे, क्वचित सगळे निळसर दिसणे हे त्रास बहुधा काही तासांत ओसरतात. खरा धोका वेगळाच आहे. हृदयविकाराचे अनेक रुग्ण सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जवळ बाळगतात. ही दोन्ही औषधे शरीरात एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो आणि प्राणही जाऊ शकतात. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. पण रात्री पतीच्या छातीत कळ आली, तर घाबरलेली पत्नी डबीतली गोळी त्याच्या जिभेखाली ठेवणारच. त्याने संध्याकाळी काय घेतले होते, हे तिला कुठे ठाऊक असते? अशा वेळी तिला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांना खरे सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असेल तरीही डॉक्टरांना विचारावे. सहसा सुरुवात ५० मिलिग्रॅमने होते, पासष्टी उलटलेल्यांसाठी २५ ने. साधारण तासभर आधी आणि २४ तासांत एकदाच घ्यायची. तुपकट जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा होतो, म्हणून दुसरी घेऊ नये. ताठरता चार तासांहून जास्त टिकली किंवा अचानक दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, तर तडक रुग्णालय गाठावे.

'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?' असे म्हणून जाहिरातीतली औषधे घेणारेही थोडे नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा कित्येक उत्पादनांत छुपे सिल्डेनाफिल सापडले आहे.

शिवाय ही तक्रार कधी कधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने आधी अरुंद होतात. म्हणून गोळीआधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, खिशात लपवलेलेसुद्धा.