अफवा आणि कुणकुण

छत्तीस वर्षे बँकेत आकड्यांशी आणि फावल्या वेळात कादंबऱ्यांतून शब्दांशी झटापट केली. पण ‘अफवा’ या शब्दाने मला जेवढे शिकवले, तेवढे कुणीच नाही.

१९९२ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी आमची शाखा. सोमवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, दहाच्या आतच दारात ही रांग! ‘बँक बुडाली’ अशी आवई उठलेली. कारण काय, तर शनिवारी जुनी तिजोरी दुरुस्तीसाठी टेम्पोत चढवताना कुणीतरी पाहिले होते. सुतावरून स्वर्ग! मॅनेजरसाहेबांनी ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असा फलक लावला आणि रांग दुप्पट झाली. शेवटी मुख्य शाखेतून रोकड मागवली. कॅशियरने नोटांची बंडले सर्वांना दिसतील अशी रचली आणि मागेल त्याला पैसे दिले. दुपारी सकाळचीच माणसे पैसे परत भरायला उभी!

त्या रात्री मी शब्दकोश काढला. ‘अफवा’ मूळचा अरबी, अर्थ ‘तोंडे’. एका तोंडाचे ते काम नव्हेच. ‘वावडी’ म्हणजे पतंग. वावडी उडते, कंडी पिकते, हूल उठते. उडवणारा, पिकवणारा मात्र कधी सापडत नाही. बँकेत सहीवाचून साधे व्हाउचर पास होत नाही. बाजारात बिनसहीचा शब्द बिनदिक्कत वटतो.

त्याची किंमत भलताच कुणी मोजतो. मुले पळवणारी टोळी आल्याची वावडी २०१८ साली मोबाइलवरून फिरत होती. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. साप साप म्हणून भुई धोपटणे असे आपण म्हणतो. तिथे भुईच्या जागी माणसे होती.

मग कानावर येते ते सारे खोटेच मानायचे का? इथेच माझी चूक झाली.

आमचे एक खातेदार निवृत्त शिक्षक होते. दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून फंडाचे पैसे त्यांनी एका पतसंस्थेत ठेवलेले. एक दिवस टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “साहेब, संस्थेबद्दल काहीबाही कानावर येतंय. काढून घेऊ का पैसे?”

माझ्या डोळ्यांपुढे ती सोमवारची रांग. मी हसून म्हणालो, “मास्तर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं असं घाबरायचं? अफवा आहे.”

त्या संस्थेचा ताळेबंद मी पाहिलेलाही नव्हता. पाचव्या महिन्यात संस्थेला कुलूप लागले. तोवर तिचे अध्यक्षही ‘अफवा’ हाच शब्द वापरत होते.

मास्तरांनी आणली होती ती अफवा नव्हती, कुणकुण होती. अफवा मोठ्याने बोलते. कुणकुण दबक्या आवाजात येते, कारण ज्याला माहीत असते त्याला बोलायची भीती असते. पण नुसत्या आवाजावरून निवाडा होत नाही. त्यासाठी कागद पाहावा लागतो. ताळेबंद मागावा, लेखापरीक्षणाचा अहवाल मागावा. ठेवीला विमा आहे का, ते विचारावे. बँकेतल्या ठेवींना तो आहे, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवींना ते छत्र नाही. एखादी गोष्ट ‘बिनबुडाची’ म्हणण्याआधी निदान बूड तपासावे. ‘बँक बुडाली’ म्हणणाऱ्याकडे पुरावा नव्हता. ‘अफवा आहे’ म्हणणाऱ्या माझ्याकडे तरी कुठे होता?

मास्तरांनी मला कधी बोल लावला नाही. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी आमच्याच शाखेतून कर्ज काढले. त्या कर्जाच्या कागदांवर माझी सही आहे. ‘अफवा आहे’ या दोन शब्दांखाली मात्र ती नव्हती. आज करतो आहे.