काळी, पांढरी आणि एनए प्लॉट

आमच्या एका नातेवाइकांनी गावाबाहेर प्लॉट घेतला तेव्हा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, वकिलाकडून सात-बारा तपासून घेतला, गुरुजींना दिशा दाखवल्या. माती कुणी बघितली नाही. वर हातभर तांबडा मुरूम पसरलेला होता. तो बघून सगळे म्हणाले, जागा कोरडी आहे, चिखल व्हायचा नाही. घर झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. गवंडी सिमेंट भरून गेला. पावसाळ्यात भेग मिटली, पण दार चौकटीत अडकू लागलं. पुढच्या वैशाखात भेग पुन्हा हजर.

मुरमाखाली दहा फूट काळी होती.

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पत्त्यांच्या कॅटासारखे त्याचे अतिसूक्ष्म थर. त्यांच्या फटींत पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आवळते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमध्ये वरची भुसभुशीत माती ढासळते आणि पुढच्या पावसात आत मिसळून जाते. जमीन स्वतःला नांगरून घेते म्हणतात ते यामुळे. शिवाय ती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस गेल्यावरही रब्बीची ज्वारी निव्वळ ओलीवर येते. शेताला जे वरदान, त्यानेच भिंत फाटते. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असल्यामुळे तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची मात्र दर ऋतूत वर-खाली होते. भिंतीला खेटून कर्दळी लावून त्यांना रोज पाणी घालणारे आपण त्यात भरच घालतो.

गावच्या जुन्या भाषेत शेतजमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची पडकी घरं, राख, शेणमाती यांनी ती जागा पांढुरकी झालेली. जुन्या वस्त्यांची अशी पांढरीची टेकाडं पुरातत्त्वज्ञ शोधत फिरतात. शेतकऱ्यांनी मात्र ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली. त्यात किती इतिहास गेला, याचा हिशेब नाही. ते असो. वस्तीची जागा निवडताना भिंतींच्या भेगांचाच विचार झाला होता, असं मी म्हणणार नाही. पाणी, पूर, संरक्षण अशी कारणं असतातच. पण घराची माती वेगळी आणि शेताची वेगळी, हा भेद बोलण्यातच मुरलेला होता. आज शहरं पसरतात ती थेट काळीवर.

मातीची सरकारी नोंद झालीच नाही, असंही नाही. 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून शेतसाऱ्यासाठी नव्या पाहणीला सुरुवात केली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. यालाच आपण प्रतबंदी म्हणतो. शेतात जागोजागी मातीची खोली आणि पोत पाहायचा, चुनखडी, रेती, उतार असे दोष टिपायचे आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावायच्या. सात-बाऱ्यावरचा ‘आकार’ याच हिशेबाचा वारस. तेव्हा एकाच गावातले दोन जिरायत गट घेऊन दर हेक्टरी आकार ताडून पाहा. ज्याचा जास्त, तिथे माती बहुधा खोल आणि भारी. पीक घेणाऱ्याने खूश व्हावं, घर बांधणाऱ्याने सावध. जमीन बिनशेती (एनए) झालेली असेल तर जुना सात-बारा काढावा.

या प्रतबंदीची मोजणी पावणेदोन हातांशी, म्हणजे सुमारे अडीच फुटांशी थांबत असे. करासाठी त्याहून खोल बघण्याचं कारण नव्हतं. पायाचा प्रश्न तिथून खाली सुरू होतो.

त्यासाठीची प्राथमिक चाचणी गमतीदार आहे. दहा-दहा ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी ओततात, दुसऱ्यात रॉकेल, आणि 24 तास तशीच ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये ती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 18 वर, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर आकडा गेला की पायाचा वेगळा विचार करायला हवा.

उपाय आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात तळाशी कंद फुगवलेले काँक्रीटचे खांब विकसित केले; ऋतूंचा परिणाम पोचत नाही अशा, साधारण साडेतीन मीटर खोल थरात ते रोवतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर दाबून बसवण्याची पद्धत मांडली, ती कालव्यांसाठी वापरली गेली. छोट्या घराला काळी थोडीच असेल तर ती काढून पाया थेट मुरमावर नेणं सोपं पडतं. घराभोवती बाहेर उताराची फरशी करून पाणी लांब काढलं तरी निम्मं दुखणं कमी होतं, असं माझं मत.

बागेसाठी परीक्षा निराळी. पिकांच्या मातीचा नमुना वरच्या वीतभर थरातून घेतात. फळझाडांसाठी मीटरभर खोल थरांचे वेगवेगळे नमुने लागतात. खाली चुनखडी असली की लिंबू-संत्र्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसाला असं झालं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा जागी खताची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आता दिवाळीच्या जाहिरातींबद्दल. प्लॉटच्या सवलती नेमक्या या दिवसांत येतात, जेव्हा पावसाने फुगलेल्या काळीच्या भेगा अजून मिटलेल्या असतात आणि जागा गुळगुळीत दिसते. पाडव्याला टोकन देण्याचा बेत असेल तर आधी आसपासची कुंपणाची भिंत बघा, जवळच्या विहिरीच्या कडेचे थर बघा, आणि मालकाची परवानगी घेऊन पुरुषभर खोल खड्डा काढा. जेसीबीला त्याला अर्धा तासही लागत नाही. टोकन त्यानंतर द्या.