लेकीकडे अमेरिकेला निघालात? आधी पॉलिसी वाचा

कुळगाव-बदलापूरच्या सोसायट्यांत कुणी ना कुणी लेकीच्या बाळंतपणाला नाहीतर मुलाकडे राहायला सहा महिने परदेशी गेलेलं असतंच. मेतकूट, डिंकाचे लाडू, गोडा मसाला यांची यादी महिनाभर चालते. प्रवासातला वैद्यकीय विमा मात्र तिकिटाबरोबर, सगळ्यांत स्वस्त कुठला ते बघून उरकला जातो.

“आमचा मेडिक्लेम आहे की!” हे उत्तर हमखास ऐकू येतं. इथे घेतलेला नेहमीचा मेडिक्लेम भारतातल्या उपचारांपुरता असतो. परदेशातलं संरक्षण पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच मिळतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांचं सीजीएचएस कार्ड, रेल्वेवाल्यांचं उमीद कार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजना यांतलं काहीही न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात चालत नाही.

व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा, हाही भ्रमच. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कॅनडाच्या आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र विम्याची अटच नाही, आणि उपचारांचा खर्च नेमका तिथेच डोळे पांढरे करणारा. इंग्लंडात सगळं फुकट असतं म्हणतात. तिथे पाहुण्यांना अपघात विभागातली तपासणी मोफत मिळते, पण हॉस्पिटलात दाखल झाल्यावर एनएचएस ही तिथली सरकारी आरोग्यसेवा नेहमीच्या दराच्या दीडपट आकारते.

आता बीपी-शुगर. “फॉर्मवर लिहिलं की प्रीमियम वाढतो, कशाला सांगायचं?” असा सल्ला देणारे शेजारी पुष्कळ. असं होतं बघा: आजींच्या छातीत दुखतं, त्यांना दाखल करतात. डॉक्टर नेहमीप्रमाणे विचारतात, आधीचा काही आजार? आजी सरळ सांगतात, “बारा वर्षं बीपीची गोळी चालू आहे.” ते केसपेपरवर लिहिलं जातं. पुढे विमा कंपनी केसपेपर मागवते, प्रपोजल फॉर्मशी ताडून बघते, आणि क्लेम नाकारायला तिला तेवढं पुरतं. लपवण्यातून चार पैसे वाचतात आणि जातात लाखो.

पण आजार सांगितला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळेल, असंही नाही. बऱ्याच पॉलिसींत जुना आजार वगळलेलाच असतो. काहींत फक्त जिवावर बेतणाऱ्या प्रसंगी, ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळतो. नेहमीची तपासणी, रोजच्या गोळ्या, “जातोच आहोत तर गुडघ्याचं बघून घेऊ” यांसाठी हा विमा नाहीच. तेव्हा गोळ्या इथूनच पुरेशा न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवा.

आकड्यांचीही फसगत होते. एक लाख डॉलरची पॉलिसी म्हणजे एक लाखापर्यंतचं कुठलंही बिल भरून मिळेल, असं वाटतं. साठी ओलांडलेल्यांच्या अनेक पॉलिसींत मात्र खोलीभाडं, सर्जनची फी, आयसीयू यांना वेगवेगळ्या मर्यादा घातलेल्या असतात. समजा सर्जनच्या फीची मर्यादा 5 हजार डॉलर आहे आणि बिल आलं 12 हजारांचं. वरचे 7 हजार तुमचे, पॉलिसीत कितीही रक्कम शिल्लक असो. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम, आपणच भरायची असते. माझ्या मते स्वस्त आणि महाग पॉलिसीतला खरा फरक या मर्यादांच्या तक्त्यातच असतो. माहितीपत्रकावर तो दिसत नाही. एजंटकडून पूर्ण पॉलिसी मागून घ्या.

कॅशलेस म्हणजे कार्ड दाखवलं की झालं, असंही नसतं. दाखल होण्याआधी, आणीबाणी असेल तर शक्य तितक्या लवकर, हेल्पलाइनला कळवावं लागतं. अमेरिकेत 1986च्या कायद्यानुसार मेडिकेअर या सरकारी विम्याशी जोडलेल्या हॉस्पिटलांना तातडीच्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवता येत नाही, पण बिल मागाहून घरी येतंच. ताप, खोकला, पाय मुरगळणं अशा किरकोळ दुखण्यांसाठी इमर्जन्सी रूमऐवजी अर्जंट केअर क्लिनिक गाठलेलं बरं. तिथला खर्च पुष्कळच कमी.

भारतातल्या बहुतेक कंपन्यांची पॉलिसी देश सोडण्याआधीच घ्यावी लागते. मुक्काम लांबणार असेल तर मुदत संपण्यापूर्वीच वाढ मागा. आणि पॉलिसी क्रमांक व हेल्पलाइन नंबर निघण्याआधी लेकीला, जावयाला पाठवून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा फोन त्यांनाच करावा लागणार आहे.