परीक्षेस पेन की पेन्सिल?

आमच्या शाळेतून बारावी उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात मला भेटावयास आली होती. अभ्यास भरपूर झालेला होता. चिंता निराळीच होती. "बाई, सगळी वर्तुळे आधी पेन्सिलीने भरते आणि शेवटी त्यांवर पेन फिरवते. चालेल ना?" प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा, परंतु मी हसले नाही. याच प्रश्नाने मला एकदा चांगलेच रडविले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

आपल्या इंदुरात परीक्षांची वाण नाही. मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्य कार्यालय येथेच आहे. भंवरकुव्याच्या आसपास राज्यभरातील तरुण खोल्या घेऊन वर्षानुवर्षे तयारी करीत असतात. खजुरी बाजारातल्या दुकानात "परीक्षेचे पेन द्या" एवढेच म्हणावे, की दुकानदार काळ्या शाईचे बॉलपेन पुढे ठेवतो. ते काळेच का, बॉलपेनच का, आणि ज्या पेन्सिलीने आपण अक्षरे गिरवावयास शिकलो तिला तेथे मज्जाव का, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

प्रथम पेन्सिलीविषयी. मराठीत आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो. पण तिच्यात शिसे नावालाही नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे एक काळा, मऊ खनिज पदार्थ विपुल सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला, आणि ते नाव कायमचे चिकटले. वस्तुतः तो ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप होय. माझी मातृभाषा कोकणी. गोव्याकडील आमच्या घरी आजी पेन्सिलीला 'लापीस' म्हणत असे. हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधून आलेला असून मूळ अर्थ 'दगड' असा आहे. आजीचे नाव आपल्या नावापेक्षा सत्याला अधिक जवळचे, असे मला नेहमी वाटते. पुढे १७९५ साली फ्रान्समध्ये काँते नावाच्या गृहस्थांनी ग्राफाइटची पूड व चिकणमाती यांचे मिश्रण भाजून कांडी बनविण्याची रीत शोधली. माती अधिक तर कांडी कठीण व रेघ फिकट. माती कमी तर कांडी मऊ व रेघ काळी. पेन्सिलीवरील 'एचबी' ही अक्षरे या दोहोंमधील मध्यम प्रत दाखवितात.

आता गंमत अशी की, ज्या परीक्षापद्धतीने आज पेन्सिलीला हद्दपार केले आहे, ती जन्मास आली पेन्सिलीच्याच बळावर. अमेरिकेतील मिशिगन राज्यात रेनॉल्ड जॉन्सन नावाचे एक विज्ञानशिक्षक होते. उत्तरपत्रिका तपासण्याचा शिक्षकांना किती कंटाळा असतो, हे मी येथे लिहू नये हेच बरे; परंतु जॉन्सन यांनी त्या कंटाळ्यातून यंत्र निर्माण केले. ग्राफाइटमधून वीज वाहते, हे त्या यंत्राचे मर्म. विद्यार्थ्याने ठराविक जागी पेन्सिलीची खूण केली, की यंत्रातील धातूच्या बोटांना तेथे विजेचा मार्ग मिळे. बरोबर जागी जितक्या खुणा, तितका प्रवाह अधिक, आणि काट्यावर गुण दिसत. आयबीएम कंपनीने १९३४ साली त्यांना नोकरीस घेतले आणि त्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र बाजारात आणले. शाईतून वीज वाहत नाही. म्हणून त्या परीक्षेत पेन चालणे शक्यच नव्हते.

पुढे विजेची जागा प्रकाशाने घेतली. कागदावर प्रकाश टाकावयाचा व कोठे तो परत येत नाही हे पाहावयाचे. आपण जिला ओएमआर पत्रिका म्हणतो ती हीच. परंतु यांतील बरीच यंत्रे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण वापरीत. ग्राफाइट ते शोषून घेते. उलट अनेक प्रकारच्या शाया त्या किरणांना काचेसारख्या पारदर्शक असतात. आपल्याला ठसठशीत दिसणारे वर्तुळ यंत्राला कोरेच दिसावयाचे! त्यामुळे पेन्सिलीचे राज्य आणखी काही काळ टिकले. नव्या यंत्रांना मात्र साध्या प्रकाशात काळी शाई उत्तम वाचता येते, आणि पेन्सिलीची ती जुनी सक्ती उरली नाही.

सक्ती गेली, पण बंदी का आली? तिचे कारण यंत्रात शोधू नये, माणसात शोधावे. पेन्सिलीची खूण रबराने पुसता येते, आणि रबर कोणाच्याही हातात असू शकते. उत्तरपत्रिका परीक्षार्थीच्या हातून सुटल्यापासून गुण लागेपर्यंत अनेक हातांतून जाते. त्यांपैकी कोणालाही त्याचे उत्तर बदलता येऊ नये, म्हणून शाई.

आणि शाईही पुरी पडत नाही, हे आपल्या राज्याइतके कोणी अनुभवले नसेल. मध्यप्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळ, जे 'व्यापम' या नावाने देशभर कुप्रसिद्ध झाले, त्याच्या परीक्षांतील गैरप्रकार २०१३ च्या जुलैत उजेडात आले ते इंदूर पोलिसांच्या कारवाईने. दुसऱ्यांच्या नावावर परीक्षा देण्यासाठी आलेले तोतये येथे पकडले गेले. तपासात जे अनेक प्रकार पुढे आले त्यांतील एक आपल्या विषयाशी थेट निगडित आहे : परीक्षार्थीने वर्तुळे कोरी ठेवावयाची, आणि ती नंतर दुसऱ्याच कोणी भरावयाची. येथे पुसण्याची गरजच नव्हती. भरलेले वर्तुळ शाई राखू शकते. कोरे वर्तुळ ती कशी राखणार? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरविले. त्यांतील काहींचे शिक्षण पूर्णही झाले होते. त्या ६३४ जागांवर प्रामाणिकपणे अभ्यास केलेली कोणती मुले बसली असती, याची यादी कोणापाशीच नाही. मंडळाचे नाव पुढे दोनदा बदलले. आज ते कर्मचारी चयन मंडळ आहे.

तमिळनाडूत तर शाईलाच फितविण्यात आले. सप्टेंबर २०१९ मधील तेथील लोकसेवा आयोगाच्या एका परीक्षेत रामेश्वरम व कीळक्करै या केंद्रांवरील काही परीक्षार्थींनी काही तासांत विरून जाणाऱ्या शाईने वर्तुळे भरली. वाटेत कागद पुन्हा कोरा झाला आणि मग त्यावर योग्य उत्तरे चढविण्यात आली. ९९ परीक्षार्थींना आयोगाने कायमचे अपात्र ठरविले. त्यानंतर तेथे प्रत्येक प्रश्नापुढे 'उत्तर ठाऊक नाही' असे सांगणारे पाचवे वर्तुळ आले. जे येत नाही तेही शाईनेच लिहून द्यावयाचे, म्हणजे कोरी जागा उरतच नाही. मला हा उपाय मोठा मार्मिक वाटतो. कित्येक परीक्षांत पत्रिकेखाली दुसरी प्रत असते व ती परीक्षार्थीला घरी नेता येते. बॉलपेन दाबून लिहावे लागते, म्हणून खालच्या प्रतीवरही खूण स्पष्ट उमटते. ती प्रत जपून ठेवावी. आपण काय लिहिले होते याचा तो आपल्या हातातला पुरावा असतो.

बॉलपेनच का, हेही येथे सांगून टाकते. त्याची शाई तेलकट व दाट असते. ती लगेच वाळते आणि पलीकडच्या बाजूस उतरत नाही. जेलपेनची किंवा फाउंटनपेनची शाई पातळ असल्यामुळे ओल्या वर्तुळावर तळहात घासला, की शेजारचे वर्तुळही काळे होते, आणि यंत्र एका प्रश्नाची दोन उत्तरे वाचते.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी शिक्षकपदाच्या एका पात्रता परीक्षेस मी बसले होते. प्रश्न १५०. बी.ए.ला मोठमोठे निबंध लिहिण्याची सवय. त्यामुळे पुनर्विचाराची सोय हवी म्हणून मी सर्व वर्तुळे पेन्सिलीने हलकेच भरली आणि शेवटच्या दहा मिनिटांत पेन फिरविण्यास आरंभ केला. घंटा झाली तेव्हा तीसहून अधिक वर्तुळे पेन्सिलीतच राहिली होती. पर्यवेक्षकांनी पत्रिका ओढून घेतली. नियमाप्रमाणे तेच योग्य होते. ती वर्तुळे यंत्राने वाचली की नाही, देव जाणे. निकालात माझे नाव नव्हते, एवढे खरे. त्यांतील बहुतेक उत्तरे बरोबर होती, हे घरी आल्यावर पडताळून पाहण्याची दुर्बुद्धीही मला झाली.

म्हणून त्या मुलीला मी सरळ हिशेब मांडून दाखविला. प्रश्न १८०, मिनिटेही १८०. एक वर्तुळ नीट भरण्यास पाच सेकंद धरले तरी पंधरा मिनिटे जातात. दोनदा भरावयाचे तर अर्धा तास. शिवाय शाईखाली पेन्सिल चालणार नाही, असे सूचनापत्रात बहुधा स्पष्टच लिहिलेले असते. खोडरबर, पांढरा रंग, ब्लेडने खरवडणे, हे सारे वर्ज्य. पुनर्विचार करावयाचा तो प्रश्नपत्रिकेवर, कच्च्या जागेत करावा. उत्तरपत्रिकेवर पेन टेकवावे ते मन ठरल्यावरच. आणि प्रत्येक वेळी प्रश्नाचा क्रमांक व ओळीचा क्रमांक जुळवून पाहावा, कारण एक प्रश्न सोडला आणि ओळ सोडावयाची राहिली, की पुढची सारी उत्तरे एकेक घर सरकतात. ४ मे २०२५ रोजी नीटच्या वेळी वादळामुळे इंदुरातील काही केंद्रांवरची वीज गेली आणि मुलांचा तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्या अंधुक उजेडात ओळी जुळविणाऱ्या मुलांची कल्पना करून पाहा. शाई तर पुसता येत नाही.

वर्णनात्मक परीक्षांचे, उदाहरणार्थ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचे, थोडक्यात सांगते. तेथे निळी वा काळी शाई; तांबडी व हिरवी तपासनिसांसाठी सोडावी. पेन सवयीचे असावे, ऐन दिवशी नवे काढू नये. आकृतीस पेन्सिल अवश्य वापरावी, परंतु मजकुरास नको. आता काही ठिकाणी उत्तरपत्रिकांची छायाचित्रे घेऊन ती पडद्यावर तपासतात, आणि पेन्सिलीचे अक्षर तेथे फिके उमटते.

ती मुलगी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. कोणते पेन न्यावे हा प्रश्न तिच्यापुरता आपोआपच सुटला होता, कारण पेन केंद्रावरच देण्यात आले. "दोन वर्तुळे चुकली, बाई," ती म्हणाली, "भरल्यावर लगेच कळले. पण मी ती तशीच ठेवली आणि पुढे गेले."