अवघडलेली केबल आणि घर्षणाचा गुणाकार

होडी वळवायची तर मागे सुकाणू हवं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जेट बोटीला मात्र सुकाणू नसतं, आणि बोटीखाली फिरणारा उघडा पंखाही नसतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मेंढपाळीचा मोठा मळा चालवणारे यंत्रज्ञ बिल हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांनी १९५०च्या दशकात ही बोट खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी केली. त्यांच्या भागातल्या नद्या उथळ, वेगवान आणि दगडगोट्यांनी भरलेल्या. नेहमीच्या मोटरबोटीचा पंखा तिथे टिकणं कठीण. १९६० साली जेट बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ साली एडमंड हिलरी गंगासागरापासून गंगेतून वरच्या दिशेने निघाले तेही जेट बोटींतूनच. नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी त्या बोटींना थांबावं लागलं.

या बोटीतल्या एका साध्या भागाचा, स्टिअरिंगच्या केबलचा, विचार आपण इथे करणार आहोत. ही केबल हळूहळू अवघड होत जाते. ती का अवघडते आणि मोकळी कशी करायची, या प्रश्नांचं उत्तर शोधताना घर्षणाचा एक असा नियम हाती येतो, जो शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. पण तो शाळेबाहेर लावलेल्या प्रत्येक सायकलच्या ब्रेकमध्ये काम करत असतो.

झोत हेच सुकाणू

जेट बोट तळाच्या जाळीतून पाणी आत ओढते. इंजिनावर फिरणारा पंखा ते पाणी जोराने मागे ढकलतो आणि मागच्या तोटीतून त्याचा झोत बाहेर पडतो. पाणी मागे, बोट पुढे: न्यूटनचा तिसरा नियम. वळायचं असेल तेव्हा ही तोटी डावी-उजवीकडे फिरवतात. झोत तिरपा झाला की बोटीचा मागचा भाग बाजूला ढकलला जातो आणि बोट वळते.

याचा एक महत्त्वाचा परिणाम आहे. झोत नसेल तर वळणंही नाही. समोर खडक दिसला म्हणून घाबरून चालकाने इंजिनाचा जोर एकदम कमी केला, तर बोट जवळजवळ सरळच घसरत जाते. वळण्यासाठी जोर चालू ठेवून चक्र चटकन फिरवावं लागतं. अशा वेळी चक्र जड लागलं, तर गेलेला एखादा क्षणही भारी पडू शकतो. म्हणून अवघडलेल्या केबलकडे नुसती गैरसोय म्हणून पाहून चालत नाही.

केबलच्या आत काय असतं?

सायकलच्या ब्रेकची वायर आठवा. बाहेर न दबणारी नळी, आत सरकणारी पोलादी तार. अशा तारेचं पेटंट अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये घेतलं. ब्रेकची तार फक्त ओढते. परत आणण्याचं काम स्प्रिंग करते. जेट बोटीची केबल मात्र ओढतेही आणि ढकलतेही. त्यामुळे तिची तार जाड असते आणि नळीत घट्ट बसलेली असते, नाहीतर ढकलताना ती आतल्या आत वाकली असती. नळीला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. तोटीकडच्या टोकाला न गंजणाऱ्या पोलादाची गुळगुळीत दांडी असते आणि ती एका छोट्या नळीतून आत-बाहेर सरकते.

ही दांडी पाण्याच्या अगदी जवळ. वंगण धुऊन जातं किंवा जुनं होऊन घट्ट होतं. हिमनद्यांतून निघालेल्या नद्यांच्या पाण्यात दगडाची पिठासारखी बारीक पूड असते, ती वंगणात मिसळते. समुद्रात वापरलेल्या बोटीत क्षार साचतात. वेष्टन कुठे फाटलं असेल तर पाणी आतल्या तारेपर्यंत पोचतं आणि ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आधीच अरुंद असलेली फट भरून जाते.

वळणांचा गुणाकार

तार सरळ असताना ती नळीवर फारशी दाबली जात नाही. वळणावर मात्र ताण जितका जास्त तितकी ती नळीच्या भिंतीवर जास्त दाबली जाते, आणि दाब जास्त म्हणून घर्षण जास्त. पहिल्या वळणासाठी वाढवलेला ताण दुसऱ्या वळणावर पुन्हा वाढवावा लागतो. म्हणून वळणांचा परिणाम बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

गणित करून पाहू. तोटी हलवायला १०० न्यूटन बल हवं आहे आणि केबलच्या वाटेत काटकोनाची तीन वळणं आहेत असं समजा. घर्षणांक ०.१ धरला तर चालकाच्या टोकाला सुमारे १६० न्यूटन लावावे लागतात. गंज आणि गाळ यांमुळे घर्षणांक ०.४ झाला, तर तेच बल सुमारे ६६० न्यूटन होतं. आता एक वळण कमी करा: ६६०चे ३५० होतात. घर्षण चौपट झालं तरी बल चौपटच होतं असं नाही, कारण घर्षणांक आणि वळणाचा कोन हे दोन्ही या सूत्रात घातांकात बसले आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक गुळगुळीत नळी दोन टेबलांमध्ये आडवी पक्की बांधा. तिच्यावरून सुती दोरी टाका. एका टोकाला ५० ग्रॅमचं वजन आणि दुसऱ्या टोकाला पिशवी बांधा. दोरी सरकू लागेपर्यंत पिशवीत थोडी थोडी वाळू टाका आणि मग पिशवी तोला. आता दोरीचा एक पूर्ण वेढा वाढवून हेच करा.

समजा, वेढा नसताना, म्हणजे दोरी अर्धा फेरा नळीवर टेकलेली असताना, दुप्पट म्हणजे १०० ग्रॅम वजन लागलं. एक वेढा वाढवल्यावर टेकलेले अर्धे फेरे तीन होतात. म्हणजे तीनदा दुप्पट, ४०० ग्रॅम. दोन वेढे वाढवले तर पाचदा दुप्पट, १६०० ग्रॅम! प्रत्यक्ष आकडे दोरी आणि नळी पाहून बदलतील, पण गुणाकाराची चाल तीच राहील. खुंटाला दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूस ओढाळ बैलालाही थोपवू शकतो, ते याच नियमाने.

मुलांना आणखी एक प्रश्न विचारा. नळी जाड घेतली तर काय होईल? बहुतेक जण म्हणतील, घर्षण वाढेल. करून पाहिल्यावर कळतं की फारसा फरक पडत नाही. महत्त्व कोनाला आहे. मग बोटीत केबल फार तीव्र वळवू नये असं का सांगतात? कारण तीव्र वळणात जाड तार वाकायलाच विरोध करते, अस्तरावर एका जागी दाब येतो आणि ते झिजतं.

अडकलंय कुठे?

केबल अवघडली की चक्राला जोर लावायचा मोह होतो. पण त्या जोराने वळणावरचा दाबच वाढतो, आणि टोकाकडचे जोड तुटण्याची भीती असते. आधी दोष शोधायला हवा. इंजिन बंद करून किल्ली काढायची, मग केबल तोटीपासून सोडवायची. तोटी हाताने फिरवून पाहायची. ती जड असेल तर दोष तिच्या खिळींत आहे. तोटी हलकी आणि चक्र अजून जड असेल, तर केबल चक्राकडूनही सोडवायची. आता चक्र मोकळं फिरलं तर दोष केबलमध्येच. एका वेळी एकच गोष्ट वेगळी करून पाहणं ही प्रयोगाचीच रीत आहे.

दोष फक्त बाहेरच्या दांडीत असेल तर ती बऱ्याचदा मोकळी होते. जुनं वंगण पुसून काढायचं, गंज सोडवणारं पातळ तेल लावून वेळ द्यायचा, मग दांडी थोडी थोडी आत-बाहेर हलवायची. सुटून आलेला गाळ पुसायचा आणि हे पुन्हा करायचं. हातोडी किंवा आच वापरायची नाही. आचेने अस्तर वितळतं. शेवटी पाण्याने न धुपणारं वंगण लावायचं. वंगण भरण्याची तोटकी असेल तर दांडी पूर्ण आत घेऊनच भरायचं. दांडी बाहेर असताना पोकळी वंगणाने भरली, तर दांडीला परत यायला जागा राहत नाही आणि केबल नव्याने अडकते.

वेष्टन फाटलं असेल, आतली तार गंजली असेल किंवा मोकळी केलेली केबल थोड्याच दिवसांत पुन्हा जड झाली, तर ती बदलणंच शहाणपणाचं. बऱ्याच केबली सीलबंद असतात. त्यांत बाहेरून ओतलेलं तेल दोषाच्या जागेपर्यंत पोचतच नाही. नवी केबल बसवताना शक्य तितक्या कमी वळणांची वाट शोधायची. बोट उभी असली तरी अधूनमधून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर दांडी गोड्या पाण्याने धुऊन वंगण द्यायचं.

आपल्या वर्गात जेट बोट येणार नाही, पण जड ब्रेकची सायकल नक्की मिळेल. तिच्या वायरची वळणं मुलांना मोजू द्या, वायर कुठे दुमडली आहे आणि कुठे गंजली आहे ते शोधू द्या. तेलाचा डबा त्यानंतर हातात द्यावा.